सांगलीच्या पेठेत कार कुठे लावावी?

लग्नाचा बस्ता असो, सराफ कट्ट्यावरची खरेदी असो की गणपतीचं दर्शन, सांगलीत कार घेऊन येणाऱ्याला दुकानाच्या दारातच जागा हवी असते. पण दारापासूनचं अंतर मोजण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: काम किती वेळाचं आहे आणि महिना कुठला आहे.

अर्ध्या तासाचं काम असेल तर रस्त्याकडेची जागा चालते. हरभट रोड, मारुती रोड, टिळक चौकाचा परिसर इथे सकाळी दुकानं उघडतानाच पोचलात तर जागा मिळण्याची शक्यता जास्त. गणपती पेठेत मात्र तीच वेळ माल उतरवायची. पुढे टेम्पो, मागे हातगाडी, मध्ये तुमची गाडी, असं व्हायला वेळ लागत नाही. जिथे सम-विषम तारखेचा फलक असेल तिथे तो गाडीतून उतरण्याआधी वाचा. नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा. आठवडा बाजाराच्या दिवशी हा पर्याय सोडूनच द्या. दुचाक्यांच्या दाटीत लावलेली कार ओरखडा न घेता परत येणं हे नशीबच.

दर्शनाला येणाऱ्यांना नदीकाठची मोकळी जागा सोयीची वाटते. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत ती खरंच चांगली. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आकडा बघितल्याशिवाय तिकडे उतरू नये. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण घाटाकडचा सखल भाग त्याच्या कितीतरी आधी भिजतो. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी असली तर सांगलीत ऊन पडलेलं असलं तरी पाणी चढतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात मारुती चौकापर्यंत पाणी होतं, म्हणजे अशा वेळी फक्त घाटच नव्हे, जुन्या पेठेतली तळघरंही वर्ज्य. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान तुमच्याच खिशातून जातं. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून बघू नका. त्यामुळे इंजिनात पाणी ओढलं गेलं तर इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसताना दावा नाकारला जाऊ शकतो.

एखाद्या हॉटेलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी लावणं बरं. निदान कुणीतरी बघणारं असतं. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ ही पाटी मात्र सगळीकडे सारखी लागू पडत नाही. आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली तर जबाबदारी बहुधा आपलीच. किल्ली त्यांच्या माणसाच्या हाती दिली तर गोष्ट बदलते. दिल्लीतल्या एका हॉटेलातून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की हॉटेलने गाडी ताब्यात घेतली असेल तर अशा पाटीआड लपून स्वतःच्या हलगर्जीची जबाबदारी झटकता येत नाही. म्हणून किल्ली देताना पावती मागायला लाजू नये.

दोन तासांपेक्षा जास्त काम असेल, आणि बस्त्याला तेवढे लागतातच, तर माझं मत सरळ आहे: गाडी विश्रामबागेकडे किंवा मिरज रस्त्याच्या बाजूला रीतसर जागा बघून लावा आणि पुढे रिक्षाने किंवा सांगली-मिरज शहरी बसने या. पेठेत जागा शोधत चौकाचौकांत फिरण्यात जातो तेवढ्या वेळात रिक्षा पोचते. तोटा एकच, पिशव्या हातात वागवाव्या लागतात. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना दुकानाशी उतरवून चालवणाऱ्याने एकट्याने गाडी बाहेर न्यावी. आणि सोनं घेतलं असेल तर ते डिकीत ठेवून पुढच्या दुकानात शिरू नका. दागिन्यांची खरेदी सगळ्यात शेवटी करा, म्हणजे तिथून थेट रिक्षात बसता येतं.