पिल्लं नक्की घ्यायची कुठून? हॅचरी, दुकान, रस्त्यावरचा विक्रेता, शेजारची खुडूक कोंबडी, सगळ्यांचा रिव्ह्यू

परसात चार-सहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की लोक आधी जात कुठली घेऊ विचारतात, मग रेट विचारतात, आणि पिल्लं आणायची कुठून हा विषय सगळ्यात शेवटी, म्हणजे दिसतील तिथून उचलायची. मला हे उलटं वाटतं. जात चुकली तर अंडी थोडी कमी मिळतील, पण जागा चुकली तर पहिल्या आठवड्यातच खोकं रिकामं होतं आणि कधी कधी आधीच्या धडधाकट कोंबड्याही त्यात जातात. मी जवळपास सगळ्या प्रकारच्या ठिकाणांहून पिल्लं घेतलीयत त्यामुळे हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाही, सगळ्या पर्यायांचा आहे, नावं कुणाची घेत नाही कारण तुमच्याकडची दुकानं वेगळी असणार.

कुठंही गेलं तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला, ही पिल्लं अंड्यातून बाहेर कधी आली आणि तेव्हापासून कुठं होती. उत्तर तारीख-वारासकट आलं तर पुढं बोलायचं. "कालच आलीत ताई, एकदम फ्रेश माल आहे" हे उत्तर नव्हे, काल दुकानात आली असतील पण अंड्यातून कधी आली ते सांगा ना. त्याचं कारण असं की पिल्लू बाहेर पडायच्या जरा आधी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर साधारण दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय निभावतं, म्हणूनच तर एकदिवशी पिल्लं खोक्यात भरून लांबवर पाठवता येतात, अमेरिकेत तर १९१८ पासून चक्क पोस्टाने जातात. पण निभावतं म्हणजे ठणठणीत राहतं असं नाही हां. पाणी जितकं उशिरा तितकं ते सुकत जातं. फरक हातात घेतल्यावर लगेच कळतो, ताजं पिल्लू चुळबुळ करत बोटांतून निसटायला बघतं, तहानलेलं नुसतं तळहातावर बसून राहतं, डोळे अर्धे मिटलेले आणि पायांची कातडी सुकून चिकटलेली.

आता हॅचरी, म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवून पिल्लं विकणारी जागा. पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क का कापला ते पुढं येईलच.

थेट हॅचरीतून घ्यायचं सगळ्यात मोठं कारण मरेक्सची लस. हा विषाणूचा रोग, कोंबड्यांच्या पिसांच्या कोंड्यातून पसरतो, चांगल्या वाढलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, अचानक लंगडायला लागतात, एक पाय पुढं एक मागं टाकून बसतात, अंगात गाठी होतात, आणि यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू एक दिवसाचं असतानाच मानेच्या कातडीखाली द्यावी लागते, काही मोठ्या हॅचऱ्यांत तर १८व्या दिवशी अंड्यातच टोचतात. घरी आणून परसात फिरवून मग द्यायची म्हटली तर उपयोग जवळपास नाही, तोवर विषाणूनं गाठलेलं असतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आपण नंतर डोळ्यात थेंब टाकून देऊ शकतो, ही मात्र हॅचरीनंच द्यायची. लस दिली तरी तिचा जोर यायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून लांबच ठेवा, आणि ही लस गाठी येणं थांबवते, विषाणू अंगात शिरणं थांबवत नाही, त्यामुळे लसवाली आणि बिनलसवाली एकत्र ठेवली तर बिनलसवाल्यांची पंचाईत.

विचारताना पण "लस दिलीय का" असं मोघम विचारू नका, सगळेच हो म्हणतात. मरेक्सची दिलीय का, कॉक्सीची (कॉक्सीडिओसिस, आतड्यांतल्या परजीवीचा रोग) दिलीय का, असं नाव घेऊन विचारा. कॉक्सीचं विचारायचं कारण खाद्याशी जोडलेलं आहे. कॉक्सीडिओसिसची लस दिली असेल तर अँप्रोलियम हे त्यावरचं औषध घातलेलं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य, द्यायचं नाही, ते लसच निकामी करतं, आणि लस दिली नसेल तर तेच स्टार्टर कामाचं. तिसरा प्रश्न म्हणजे आईबापांच्या कळपाची पुलोरमची तपासणी होते का. ही पांढरी हगवण आईकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरते, त्यामुळे तुम्ही खुराडं कितीही घासून धुवा, पिल्लू रोग घेऊनच आलेलं असतं. चांगल्या हॅचरीतला माणूस या प्रश्नावर चिडत नाही, उलट खूश होतो, अहो कुणीतरी विचारलं म्हणून.

मग नर-मादीचा भाग, इथं सगळ्यात जास्त लोक हिरमुसतात. न निवडलेली पिल्लं घेतली तर सरासरी अर्धे कोंबडे निघतात, आणि सरासरी म्हणजे सरासरी, सहातले पाच कोंबडे निघाले तरी कुणाकडं तक्रार करायची सोय नाही. हॅचरीत निवडून देतात त्याच्या पद्धती वेगवेगळ्या. एक म्हणजे गुदद्वार उघडून बघणं, हे तंत्र जपानमध्ये १९२०च्या दशकात निघालं आणि ते शिकायला वर्षं लागतात, चांगला सेक्सर, म्हणजे नर-मादी ओळखणारा माणूस, ९० टक्क्यांच्या वर बरोबर सांगतो पण शंभर टक्के कुणीच सांगत नाही. दुसरी पद्धत पंखांच्या पिसांच्या लांबीवरून, ती ठराविक संकरातच चालते, कुठल्याही पिल्लाचा पंख ताणून "ही मादीच" म्हणणारा माणूस थापा मारतोय. तिसरी रंगावरून, आणि नवख्या माणसाला मी हीच सांगेन. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि बार्ड रॉकची कोंबडी यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीचं डोकं काळं, बघून कुणालाही कळतं. पण हा रंगाचा हिशेब पहिल्याच पिढीपुरता, त्याच पिल्लांची पुढची पिल्लं काढली की बिघडला. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते वगैरे जे आहे ते सोडून द्या, पिल्लाचं लिंग अंड्याचं कवच बनायच्या आधीच ठरलेलं असतं.

अर्धा मार्क कापला तो कमीत कमी ऑर्डरमुळे. आपल्याला हवीत सहा आणि ते म्हणतात पंचवीस घ्या. यात नुसती धंद्याची अडवणूक नाही, लहान पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, खोक्यात ती एकमेकांच्या उबेवर तगतात, म्हणून तर पिल्लांचं नेहमीचं खोकं शंभरचं असतं आणि आत पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे. उपाय सोपा, दोन-तीन घरांनी मिळून ऑर्डर द्यायची आणि शक्यतो निघण्याच्या दिवशी स्वतः जाऊन आणायची. अंडं उबायला २१ दिवस लागतात त्यामुळे हॅचरीला पुढचा लॉट कुठल्या दिवशी निघणार हे आधीच माहीत असतं, विचारलं की सांगतात. फोनवर छोट्या गिऱ्हाइकाला जरा तुटक बोलतात काही जण, ते मनावर घेऊ नका.

पार्सलनं मागवायचं असेल तर तीन मार्क. फार गरम आणि फार थंड दिवस टाळा, आणि डिलिव्हरी नेणाऱ्याला फोन करून ठेवा म्हणजे खोकं गोदामात पडून राहणार नाही. खोकं आल्यावर तिथंच उघडून मोजा. मग प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, ते मान वर करून गिळतं आणि त्याला कळतं पाणी कुठंय, दाणा त्यानंतर. एवढं केलं की बरीचशी वाचतात.

दुकान, म्हणजे खाद्य आणि शेतीसामानाचं दुकान जिथं पिल्लंही ठेवतात. साडेतीन. फायदा म्हणजे सहा हवी तर सहा मिळतात आणि स्वतः बघून निवडता येतात. मी दुकानात गेले की पिल्लं नंतर बघते, आधी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी दिव्याची जागा, बघते. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायची, पण थर्मामीटर बघायची गरज नाही, पिल्लंच सांगतात. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढून किंचाळतायत म्हणजे गारठलीत, सगळी कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकतायत म्हणजे भाजतायत, आणि इकडंतिकडं पसरून चरतायत, काही झोपलीत, म्हणजे ठीक. खाली गुळगुळीत कागद असेल तर पाय फाकलेली पिल्लं शोधा, नक्की सापडतील, भुसा किंवा तूस असेल तर बरं. पाण्याच्या भांड्यात विष्ठा तरंगत असेल तर बाकी काही बघायचं नाही, परत फिरायचं.

निवडताना पिल्लू उचलून उलटं धरा. बेंबी बंद आणि कोरडी हवी, काळी खपली किंवा ओलसर लालपणा नको. मागचं भोक विष्ठेनं चिकटलेलं नको, चोच सरळ हवी. मग ते पाठीवर ठेवून बघा, चांगलं पिल्लू दोन-तीन सेकंदांत उलटून उभं राहतं. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

दुकानाचा घोळ म्हणजे खोक्यांवरच्या नावाच्या पाट्या. दोन खोक्यांतली पिल्लं गर्दीत एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही अंड्यांसाठी म्हणून ब्रॉयलर, म्हणजे मांसाची जात, घेऊन येता. जाड पिवळे पाय, रुंद छाती आणि सारखं खाद्यावर बसलेलं असेल तर तो ब्रॉयलर, सहा आठवड्यांत त्याचं वजन इतकं होतं की ठेवला तर पायांचे आणि हृदयाचे त्रास सुरू. शिवाय दुकानात पिल्लं किती दिवसांपासून आहेत आणि किती ठिकाणची एकत्र आलीत हे बऱ्याचदा काउंटरवरच्या पोराला माहीतच नसतं, म्हणून आवक कुठल्या वारी होते ते विचारून त्याच दिवशी गेलेलं बरं.

रस्त्यावर किंवा बाजारात पाटीत घेऊन बसतात, त्यांना एक मार्क आणि तो पण द्यायचा म्हणून. त्यातही गुलाबी-हिरवी रंगवलेली असतील तर पोरांनी कितीही हट्ट केला तरी नको. ती बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात, हॅचरीत निवड करून बाजूला काढलेले, म्हणजे अंडी तर देणार नाहीतच आणि मांसही धड धरणार नाहीत. ऊब नाही, पाणी नाही, लस नाही, आणि कीव येऊन आपण घेतो की पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा भरून येते. कुठलीही पिल्लं असोत, पोरांनी हात लावला की साबणानं धुवायचे, पापे घ्यायचे नाहीत, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू दिसायला चांगल्या पिल्लातही असतो.

शेजारची खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, चार मार्क आणि मनापासून. बल्ब नको, थर्मामीटर नको, ती पंखाखाली घेते, दाणा कसा टिपायचा शिकवते, मांजर आलं तर अंगावर जाते. आईसकट आणता आलं तर उत्तमच. लस नसते आणि नर-मादी नशिबावर, हे मान्य करूनच घ्यायचं. पण यातला एक जुगाड भारी आहे, तुमच्याकडची कोंबडी खुडूक असेल आणि अंड्यांवर पक्की बसलेली असेल तर हॅचरीतली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची आणि अंडी काढून घ्यायची. सकाळी ती कुक-कुक करत आपलीच म्हणून फिरवते. सकाळी उजाडताच मात्र बघायला जा, एखादी चोच मारून हाकलते, तेव्हा खोकं आणि बल्ब तयार हवा. पिल्लं आठवड्याची झाली असतील तर हे जमत नाही, त्यांनी पण तिला आई मानायला हवं ना.

एक आहे, दोन ठिकाणची पिल्लं एका खोक्यात कधीच नाही. आणि आधीच्या कोंबड्या असतील तर नवीन माल महिनाभर तरी वेगळा, भांडी वेगळी, आधी जुन्यांचं काम उरकायचं मग नव्यांकडं.

ज्यांना हे बल्ब-भुसा प्रकरण नकोच त्यांनी तयार तलंगा घ्याव्यात, तीन मार्क. सोळा-अठरा आठवड्यांच्या तलंगेत नर-मादीचा घोळ राहत नाही आणि थोड्याच दिवसांत अंडी सुरू होतात. महाग पडतात, पण एवढे आठवडे दुसऱ्यानं खाऊ घातलंय. फसवणूक होते ती म्हाताऱ्या कोंबड्या तलंगा म्हणून खपवण्यात. पिवळ्या पायांची जात असेल तर पाय बघा, अंडी देता देता त्यातला पिवळेपणा उतरत जातो, त्यामुळे "अजून एकही अंडं दिलं नाही" म्हणणाऱ्याच्या कोंबडीचे पाय फिक्कट, खवले राठ आणि उचललेले असतील तर हिशेब लागला. शेपटीखालची पिसं बाजूला करून पिसवा-उवा बघा, नाकाला बोट लावून चिकटपणा बघा, आणि विकणारा हात लावू देत नसेल तर घेऊ नका.