उसवलं तर? स्लीव्ह सर्जरीनंतरचे माझे नऊ महिने

बेळगावच्या वडगावात घरीच ब्लाऊज शिवते, २२ वर्षं झाली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो. बाई सुटली की उसवून सैल करता यावं म्हणून. माझ्या स्वतःच्या ब्लाऊजात मागच्या दिवाळीला माया उरलीच नव्हती. उंची १५४ सेंटिमीटर, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४५ च्या वर. मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४. गुडघे कुरकुरायचे, आणि रात्री घोरताना श्वास अडकून दचकून उठायची. संक्रांत झाल्यावर जानेवारीत बेळगावातच स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन, करून घेतली. आता दसरा झाला, वजन ७६ आहे.

तेव्हा मला धड सांगणारं कुणी भेटलं नाही. एकीकडे नाचून दाखवणारे व्हिडिओ, दुसरीकडे "अमक्याची बायको त्यातच गेली" म्हणणारी गल्ली. सासूबाईंचं एकच, "जेवणच कमी कर की गं, पोट कशाला कापून घेतेस?" जणू वीस वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं.

मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच होता, उसवलं तर? शिवणारी बाई दुसरं काय विचारणार!

डॉक्टर कानडी, मराठी मोडकंतोडकं, पण हसले नाहीत. कागदावर जठर काढून दाखवलं. त्याचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. कापणारं यंत्रच कापाच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या तीन-तीन रांगा मारत जातं. तीन रांगा! मी आपली एक शिवण घालते नि वरून इंटरलॉक मारते. मग त्यांनी न विचारता पुढचंही सांगितलं. शंभरात एखाद-दुसऱ्याला त्या शिवणीतून गळती होऊ शकते, झाली तर बहुतेक करून पहिल्या काही आठवड्यांत. ताप, नाडी जोरात, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ, यातलं काही दिसलं तर रात्री दोनला पण यायचं. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी माझी झोप घालवली होती. या माणसानं काय होऊ शकतं नि झालं तर आपण काय करू ते सांगितलं, त्या रात्री मी झोपले.

दुसरा प्रश्न मरणाचा. अनुभवी हातांत या ऑपरेशनात जीव जाण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी, दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढतात त्याच्या आसपासचं. माझ्या जाऊबाईंची पिशवी काढली तेव्हा कुणी देव पाण्यात ठेवले नव्हते. त्या तिसऱ्या दिवशी घरी येऊन भाकऱ्या थापायला बसल्या होत्या. पण म्हणून धोका सगळ्यांना सारखाच असतो असं नाही. माझं घोरणं ऐकून डॉक्टरांनी आधी झोपेची तपासणी करायला लावली, आणि ऑपरेशनपूर्वी तीन आठवडे रात्री हवेचा मास्क लावून झोपवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलेलं बरं असतं. तुम्ही घोरत असाल तर लाजू नका, सांगा. तंबाखू, मिश्री असेल तर तेही. आमच्याकडे बायका मिश्री मोजतच नाहीत.

आधीचे दोन आठवडे पातळ, कमी पिठाचं जेवण. यकृतावरची चरबी उतरून ते लहान व्हावं, दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. नेमकी भोगी त्यातच आली. घरात तिळाच्या भाकरीचा वास नि मी ताक पीत बसलेली. संपूर्ण नऊ महिन्यांत मला सगळ्यात जड हेच दोन आठवडे गेले, ऑपरेशन नव्हे.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. पोटावर पाच बारीक छेद, आता नीट शोधावे लागतात. दुखलं ते भलतीकडंच, उजव्या खांद्यात. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, दोन-तीन दिवसांत जातो. हे आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही. संध्याकाळीच सिस्टर उभी करायला आली, "स्वल्प नडीरी अक्का, एनू आगूदिल्ल." थोडं चाला, काही होत नाही. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे चालणं, घट्ट मोजे आणि पोटात टोचायची इंजेक्शनं. आमचे हे सलाईनचा स्टँड ढकलत मागून, मी पुढून. वरातच!

तक्रार एकच. घरी जाताना आहाराचा कागद दिला तो सगळा इंग्रजीत, त्यात ओट्स नि ब्रोकोली. आमच्या स्वयंपाकघरात ब्रोकोली कुठली? भाचीनं बसून त्याचं मराठी केलं. मुगाचं पातळ पाणी, हुलग्याचं कढण, ताक, मग मऊ अंडं, पनीर. पहिले दोन आठवडे पातळ, पुढे मिक्सरमधलं, दीड-दोन महिन्यांनी साधं. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं भरायची, ती नुसत्या जेवणातून भरत नाहीत म्हणून पावडर. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं.

"आता जन्मभर गोड बंद काय?" हा माझा खरा प्रश्न होता, तो मी वहीत लिहिलाच नव्हता, लाज वाटली. बंद नाही. गणपतीत एक मोदक खाल्ला, तोही दोन घासांनी पोट भरल्यावर उरलेला ठेवून. कापून काढलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून पहिले महिने भुकेची आठवण करून द्यावी लागते. जीभ मात्र तीच राहते. तिसऱ्या महिन्यात एका लग्नात गप्पांच्या नादात भाकरीचा कोरडा तुकडा नीट न चावता गिळला. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं, तोंडाला लाळ सुटली, मांडवामागं जाऊन सगळं बाहेर काढलं. पुन्हा कधी घाई केली नाही. आग्रह करणाऱ्यांना मी हल्ली सरळ सांगते, "पोटाचं ऑपरेशन झालंय." कसलं ते विचारायचं धाडस सहसा कुणी करत नाही.

केस चौथ्या महिन्यापासून मूठमूठ गेले. एवढ्या लवकर वजन उतरलं की जातात, बहुतेक परत येतात. माझे आता कपाळाजवळ बारीक काटे उगवल्यासारखे येताहेत. बी१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या कायमच्या, आणि वेळोवेळी रक्त तपासायचं. पित्तखडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी होती. ॲसिडिटी आधी नव्हती, आता कधी कधी जळजळतं. हा स्लीव्हचा माहीत असलेला दोष आहे. ज्यांना आधीपासून जास्त जळजळ आहे त्यांना बरेचदा बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचंच दुसऱ्या तऱ्हेचं ऑपरेशन) सुचवतात, तेव्हा हे आधीच बोलून घ्या. दंडाखालचं कातडं लोंबतं. कापड उरलंय, पण ते मला कापता येत नाही.

विम्याचं सांगते. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असेल, तर अटी पाळून विमा लागू होतो. आमच्या कंपनीनं आधीच्या डाएटचे पुरावे दोनदा मागितले. डायटीशियनच्या जुन्या पावत्या टाकल्या नव्हत्या म्हणून निभावलं.

साखर आता ५.९, डॉक्टरांनी गोळ्या एकीवर आणल्या. मास्क सहाव्या महिन्यात सुटला. मे महिन्यात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्री उभ्यानं बघितली, खुर्ची न शोधता.

परवा खानापूरची एक गिऱ्हाईक माप द्यायला आली. पडदा ओढल्यावर हळूच म्हणाली, "वैनी, लई दुखतंय काय हो?" मी पदर सरकवून तिला छेदांच्या खुणा दाखवल्या. तिनं मोजल्या, चारच सापडल्या. पाचवी मीच दाखवली.

जानेवारीत वर्षाची तपासणी आहे. वहीत नवीन प्रश्न लिहून ठेवलाय, "दोन-चार वर्षांनी परत वाढतं म्हणतात, ते कुणाचं नि का?"