नौकेच्या केबिनची गळकी खिडकी: ब्युटाइल टेप, सिलिकॉन की पॉलियुरेथेन?

पावसाळी मासेमारी बंदीसाठी नौका किनाऱ्यावर ओढल्या की केबिनच्या गळक्या खिडक्यांकडे लक्ष द्यायला सवड मिळते, आणि तेव्हा अनेक मालक सिलिकॉनची नळी आणून चौकटीच्या बाहेरच्या कडेवरून फिरवतात. ही दुरुस्ती नव्हे. पाणी चौकटीमागच्या सीलंटच्या (फट बुजवणाऱ्या चिकट साहित्याच्या) कडक होऊन सुटलेल्या थरातून आत शिरते. बाहेरची रेघ उन्हाने उकलली की तिच्यामागे ओल कोंडते आणि प्लायवूड आतल्या आत कुजू लागते. त्यामुळे खालचा विचार चौकट पूर्ण काढून, जुना थर खरवडून नव्याने बसवणाऱ्यांसाठी आहे.

आधी खिडकीत खरी काच आहे की अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक, हे पाहावे. काच उष्णतेने फारशी वाढत नाही; मात्र एक मीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिक ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर लांबते, आणि दुपारच्या उन्हात तापणाऱ्या गडद शीटमध्ये एवढा फरक सहज पडतो. ही हालचाल दररोज सोसणारा थर हवा.

अ‍ॅल्युमिनियमची चौकट स्क्रूने आवळलेली असेल, तर माझी पसंती निःसंशय ब्युटाइल टेपला, म्हणजे मऊ रबरी पट्टीला, आहे. ती वर्षानुवर्षे मऊ राहते, अ‍ॅक्रिलिकला इजा करत नाही, आणि पुढे चौकट उघडावी लागली तर काहीही न तोडता उघडता येते. तिला चिकटवण्याची ताकद जवळजवळ नसते, म्हणून स्क्रूशिवाय ती निरुपयोगी आहे. स्क्रू एकदम आवळू नयेत. थोडे आवळून टेप कडेने बाहेर येऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी उन्हात ती आणखी दबली की पुन्हा आवळावे आणि बाहेर आलेला भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून काढावा.

चौकट नसलेले, थेट फायबरवर चिकटवलेले अ‍ॅक्रिलिक असेल, तर टेप चालणार नाही. तेथे न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) प्रकारचे स्ट्रक्चरल सिलिकॉन योग्य, कारण ते ऊन आणि ताण दोन्ही सोसते. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन धातू गंजवते, म्हणून ते टाळावे. सिलिकॉनचा खरा दोष वेगळाच आहे: ते काढल्यावरही पृष्ठभागावर अंश उरतो, त्यावर रंग धरत नाही आणि दुसरे सीलंटही नीट चिकटत नाही. एकदा सिलिकॉन वापरले की पुढच्या दुरुस्तीलाही बहुधा तेच वापरावे लागते.

पॉलियुरेथेनची पकड सर्वांत घट्ट, पण साधे पॉलियुरेथेन पारदर्शक शीटमधून येणाऱ्या उन्हाने चिकटलेल्या जागीच सुटते. प्लॅस्टिकच्या खिडक्यांसाठीचा खास प्रकार आणि कंपनीने सांगितलेला प्रायमर मिळत असेल, तरच ते घ्यावे. शिवाय खिडकी पुन्हा काढताना शीट मोडण्याची तयारी ठेवावी. पॉलिसल्फाइड हे आणखी एक सीलंट लाकूड आणि काचेसाठी उत्तम असले, तरी अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटला लावू नये. ते प्लॅस्टिकला तडे पाडते. रबरी गॅस्केटमध्ये बसवलेली काच गळत असेल, तर सीलंटवर खर्च करण्यापेक्षा आकसलेले रबरच बदलावे.

कोणतेही साहित्य घेतले, तरी अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोन किंवा थिनरने पुसू नये. त्याने बारीक भेगा पडतात. त्यातील छिद्रे स्क्रूपेक्षा थोडी मोठी असावीत, आणि चिकटवलेल्या शीटखाली सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा थर राहील असे छोटे तुकडे आधार म्हणून ठेवावेत, कारण सगळे सीलंट दाबून बाहेर काढले तर ताणायला काहीच उरत नाही. सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन हवेतील दमटपणानेच घट्ट होतात, पण ओल्या पृष्ठभागावर धरत नाहीत. म्हणून हे काम मे महिन्यात किंवा ताडपत्रीखाली कोरड्या जागी करावे. थर पूर्ण सुकल्यानंतर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने पाण्याचा पाइप खालच्या कडेपासून हळूहळू वर न्यावा, म्हणजे पाणी नेमके कोणत्या कोपऱ्यातून शिरते ते कळते.