माझ्या गोदामात वजा ४१२ किलो सूत

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत आमचे माग बंद असतात. कामगार गड्ड्याच्या जत्रेत जातात आणि खडखडाट थांबलेल्या त्या दोन-तीन दिवसांत आम्ही गोदाम मोजून घेतो. वडिलांपासूनची पद्धत आहे. २०२४ च्या जानेवारीत मोजणी उरकून संगणकापुढं बसलो, तर वीस नंबरच्या सुतापुढं आकडा होता: वजा ४१२ किलो. काचेतून पलीकडं पोत्यांची थप्पी छताला टेकलेली दिसत होती. अकौंटंट मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा, म्हणजे आपण कुणाचं तरी देणं लागतो का ओ?"

देणं नव्हतं. सॉफ्टवेअर होतं, आणि त्यासाठी मी तोवर चार लाखांवर रुपये मोजून बसलो होतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, २४ मागांचा. २०२२-२३ मध्ये आमची उलाढाल पहिल्यांदा पाच कोटींच्या वर गेली. आनंद झाला, पण त्यासोबत एक नवं काम आलं. पाच कोटींवरच्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल ई-इन्व्हॉइस करणं सक्तीचं झालं होतं. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून नंबर आणि क्यूआर कोड आला की मगच ते बिल. जुलैत मी याच काळजीत होतो, आणि नेमका त्याच वेळी मागाचे स्पेअर पार्ट देणारा एक जुना माणूस म्हणाला, "मालक, पुण्याची पार्टी आहे, टेक्स्टाईलचंच करतात, एकदा बघून तर घ्या." त्याला यात दहा टक्के होते हे मला वर्षभरानं कळलं. तो अजून येतो. चहाही पितो.

पुण्याहून दोघं आले. एक बोलणारा, एक लॅपटॉपवाला. बोलणाऱ्यानं आल्या आल्या सांगितलं, "सर, १ ऑगस्टनंतर सॉफ्टवेअरशिवाय तुमचं बिलच निघणार नाही." हे खोटं होतं. ई-इन्व्हॉइससाठी सरकारच्या एनआयसीनं फुकट साधन दिलेलं आहे, आणि पुढं दोन महिने आम्ही त्यावरच बिलं काढली, कारण यांचं तयारच नव्हतं. पण तेव्हा मी घाबरलो. मग तो गोडीनं म्हणाला, "सोलापूरच्या टॉवेलला जीआय मानांकन आहे सर, सॉफ्टवेअरही त्या तोडीचं नको का?" मी फुगलो. भीती आणि फुगवणं, दोन्ही एका चहात.

डेमो सुंदर होता. रंगीत वर्तुळं, कोणत्या मागावर किती डझन, कोणाकडं किती येणं, बोट लावलं की पुढचं पान. सगळा डेमो त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांनीच भरलेल्या बनावट कंपनीच्या आकड्यांवर. त्यातला माल घोटीव होता. कुठं सूत कमी भरत नव्हतं, कुठं बीमवरचा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळावरचा, धागा तुटत नव्हता.

इथं मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते. सूत घेताना मी काय करतो? नमुन्याच्या कोनवर, म्हणजे सुताच्या गुंडीवर, कधी विश्वास ठेवत नाही. आलेल्या गाडीतलं मधलंच पोतं फोडायला लावतो, कोन काढून वजन करतो, धागा दोन बोटांत तोडून बघतो, नंबर मोजून घेतो. वीस नंबर म्हणजे पौंडाला ८४० यार्डाच्या २० लडी, त्यात काटछाट नाही. दोनशे रुपये किलोच्या मालाला एवढी तपासणी, आणि साडेचार लाखांच्या मालाला मी मान डोलावत होतो.

बरं, सावध करणारा माणूस त्या खोलीतच होता. आमचा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, उचल मागायला आला होता. दारात उभ्या उभ्या पडद्याकडं बघून म्हणाला, "मालक, यात दुसरा बीम कुठं टाकायचा?" टॉवेलच्या मागाला दोन बीम लागतात, एक तळाचा आणि एक वरच्या फुग्यांचा. वरच्या बीमला ताण कमी असतो, म्हणून तर टॉवेलवर लूप उठतात, आणि त्याचं सूत तळाच्या कितीतरी पट खातं. डेमोत एकच बीम होता. लॅपटॉपवाला क्षणभर थबकला. बोलणारा हसून म्हणाला, "ते कस्टमायझेशनमध्ये होऊन जाईल." मीही हसलो. जॉबर उचल घेऊन गेला.

कस्टमायझेशन हा शब्द नंतर मी इतक्या वेळा ऐकला, की आता कुणी उच्चारला तरी पोटात कालवतं. विचारलेली गोष्ट त्यांच्याकडं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चौकशी मी केली होती, अगदीच आंधळा नव्हतो. त्यांनी तीन गिऱ्हाइकांचे नंबर दिले. दोन लागले नाहीत. तिसरा इचलकरंजीचा, भरभरून बोलला. तो बोलणाऱ्याचा मेहुणा निघाला. कारखाना खरा होता, पण हिशेब वहीत चालायचा. आता मी मालकाशी बोलतच नाही. "तुमच्याकडं रोज एंट्री कोण करतं, त्यांना फोन द्या," म्हणतो. एंट्री करणारी बाई वापरत नसलेल्या सॉफ्टवेअरचं कौतुक दोन मिनिटांपेक्षा जास्त करू शकत नाही.

किंमत ३ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,४८,४००. तोंडी बोलणं "वन टाईम, सर". ६० टक्के आगाऊ, ३० टक्के चालू झाल्यावर, १० टक्के तीन महिन्यांनी. कोटेशनच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात "वापरपरवाना १२ महिने" असं होतं. मी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं होतं. पहिल्यावर किंमत होती, शेवटच्यावर माझी सही.

सप्टेंबरअखेर एक पोरगा शिकवायला आला. गुणी होता बिचारा, दोन दिवस मॅडमना शिकवलं. जाताना हजेरीच्या कागदावर सही घेतली. मॅडमनी केली. त्या कागदाचा मथळा "अंमलबजावणी पूर्ण" असा होता, आणि त्या जोरावर आठवड्यात ३० टक्क्यांची मागणी आली. मीही भरून मोकळा झालो. एकूण गेले ४,०३,५६०.

दुसऱ्या बीमचा तोडगा त्या पोरानं असा काढला: वरचा बीम वेगळा माल म्हणून नोंदवायचा. त्यामुळं बीम भरताना सूत एकदा वजा व्हायचं आणि टॉवेल उतरल्यावर तेच सूत परत वजा व्हायचं. चार महिन्यांत आम्ही शून्याच्या खाली गेलो.

रंगाचा घोळ त्याहून वाईट. सूत रंगवायला बाहेर जातं. शंभर किलो गेलं की धुण्या-उकळण्यात घट होऊन शहाण्णव-सत्त्याण्णव परत येतं. साऱ्या सोलापूरला हे ठाऊक आहे, सॉफ्टवेअरला नव्हतं. उरलेले तीन-चार किलो ते दर वेळी रंगवाल्याकडं बाकी दाखवायचं. जॉबवर्कला पाठवलेला माल जीएसटी कायद्यानं वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो विकलाच असं धरून कर लागतो. आणि पाच कोटींच्या वर असलात तर त्याचा आयटीसी-०४ फॉर्म दर सहा महिन्यांनी भरायचा. मॅडम ती यादी घेऊन आल्या तेव्हा आमचा रंगवाला, ज्याच्याशी वीस वर्षांचा व्यवहार, कागदावर सुताचा चोर ठरला होता.

त्याआधीच, ऑक्टोबरात, सीएंचा फोन आला होता. सॉफ्टवेअरचं बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी नोंदवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दिसत नव्हतं. म्हणजे माझ्याकडून घेतलेला कर पुणेवाल्यानं दाखवलाच नव्हता, आणि त्याची वजावट मला मिळणार नव्हती. भरलेल्या रकमेत ६१,५६० रुपये कराचे होते. सीएंनी विचारलं, "पैसे द्यायच्या आधी पोर्टलवर बघितलं नाही?" मला माहीतच नव्हतं. जीएसटी पोर्टलवर कुणीही, लॉगिन न करता, समोरच्याचा जीएसटी नंबर टाकून नोंदणी चालू आहे का आणि कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते बघू शकतो. दोन मिनिटं लागतात. याची रिटर्न्स माझा चेक घेण्याच्या दोन महिने आधीपासून बंद होती. बोलणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "आमच्या सीएंची तब्येत बरी नाही, सर."

२७ जुलै २०२४ ला सकाळी पडदा बंद. परवाना संपला, नूतनीकरण १ लाख २० हजार, दरवर्षी. नको म्हणालो, फक्त माझी माहिती द्या. ती त्यांच्या सर्व्हरवर होती. त्याचे ७५ हजार मागितले. माझी बिलं, माझी चलनं, माझ्या गिऱ्हाइकांची नावं, आणि खंडणी मलाच! बॅकअप दर महिन्याला देऊ म्हणाले होते, तेही तोंडी. शेवटी रंगवाल्याची वही कामाला आली. ज्याला यंत्रानं चोर ठरवलं, त्याच्याच पेन्सिलीच्या नोंदींवरून आम्ही वर्षाची चलनं जुळवली. त्यानं एक शब्द बोलून दाखवला नाही. ते जास्त लागलं.

वकिलांकडं गेलो. ग्राहक आयोगाचं विचारलं तर म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो दरवाजा बहुतेक बंद. पोलिसांत जावं तर सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागेल, आणि इथं सॉफ्टवेअर दिलेलं आहे, चालू झाल्याची सही आहे. नोटीस पाठवली. "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत आली. तो नाद मी तिथंच सोडला. पैसे गेले त्यापेक्षा दिवस जात होते, आणि माग कुणी चालवायचे?

यंदा परत घ्यायची वेळ आली तेव्हा तिघांना बोलावलं. अट एकच घातली: डेमो नको. माझा एक लॉट घ्या, सुताच्या पोत्यापासून टॉवेलच्या गाठीपर्यंत, रंगातल्या घटीसकट, माझ्या संगणकावर, आमच्या मॅडमच्या हातानं. आणि जाताना सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून दाखवा. पहिला म्हणाला, आधी पन्नास टक्के भरा. दुसऱ्यानं परत फोन केला नाही. तिसरा एकटाच आला, साधासा, पाठीला सॅक. मी जॉबरला आधीच खुर्ची देऊन बसवलं होतं. त्यानं तोच प्रश्न विचारला. या माणसानं दोन्ही बीम टाकून दाखवले, मॅडम दोन दिवस लॉट चालवत राहिल्या, वजन ग्रॅमपर्यंत नाही पण किलोपर्यंत जुळलं. शिलाईपाशी गाडी अडली. आमच्या टॉवेलच्या कडा बायका घरी नेऊन शिवतात, नगावर मजुरी, कधी बहिणीच्या नावावर तर कधी सुनेच्या. तो बराच वेळ पडद्याकडं बघत बसला. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं, "घरी दिलेल्या शिलाईचा हिशेब आमच्यात होत नाही. वहीत ठेवावा." खाली सही, तारीख.

तो कागद कोटेशनला टाचून कपाटात ठेवलाय. पैसे महिन्याच्या महिन्याला देतो. शिलाईची वही मॅडमच्या टेबलावर आहे, लाल पुठ्ठ्याची.