गोजू-र्यू कराटे: आठ महिने आणि सासूबाईंची बरणी

परवा बरणी फुटली, म्हणून हे लिहायला बसले.

मुळात क्लास माझा नव्हताच. लेकीला घातलं होतं. तीन महिन्यांची फी आगाऊ, परत मिळणार नाही. ती दोन आठवड्यांत 'मला नाही जायचं' म्हणून मोकळी झाली. एवढे पैसे पाण्यात घालायचे? मग मीच जाऊ लागले. वय ४२, गुडघे त्याहून जुने.

पहिल्या दोन महिन्यांतलं माझं मत: शुद्ध फसवणूक. लाथा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसतं सांचिन, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एक संथ सराव. पायाची बोटं आत वळवून तीन पावलं पुढे, पोटातून श्वास, मूठ मुंगीच्या गतीने. मध्येच सर खांद्यावर थापट मारून बघणार, अंग ताठ आहे का. सांचिन म्हणजे म्हणे 'तीन लढाया'. माझी एकच, भिंतीवरच्या घड्याळाशी.

मग निगिरी-गामे आलं आणि मत फिरलं. मातीचे दोन घट, काठाला नुसत्या बोटांनी धरायचे आणि सांचिनच्या पावलांनी चालायचं. तळहात लावायचा नाही. सुरुवात रिकाम्या घटांनी, पुढे थोडी थोडी वाळू. ऑनलाइन जोडीचा भाव बघितला आणि माळ्यावरून सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या उतरवल्या. काठ अगदी हवा तसा! दर आठवड्याला मूठभर वाळू. पाचव्या महिन्यात स्कूटर मधल्या स्टँडवर चढवायला वॉचमनला हाक मारणं बंद झालं. फी तिथेच वसूल.

सर इतिहासही सांगतात. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा गावचे हिगाओन्ना कान्र्यो चीनमधल्या फूचौला जाऊन शिकून आले, त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी शैलीला गोजू हे नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. 'कराटे'सुद्धा आधी 'चिनी हात' असं लिहायचे, १९३६ च्या नाहातल्या बैठकीत 'रिकामा हात' ठरलं. मी आपली चिनी मातीच्या बरण्या घेऊन जुन्याच नावाला धरून आहे.

तक्रार एकच, पट्टे. दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिची फी वेगळी, पट्ट्याचे पैसे वेगळे. आणि सरांनीच सांगितलेलं, की पट्टे मूळचे ओकिनावाचे नाहीतच, ज्युदोतून आले. ओकिनावातून टोकियोत जाऊन कराटे शिकवणाऱ्या फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले ते तिथेच, १९२४ साली. म्हटलं, सर, मग परंपरेप्रमाणे मला पट्टा नकोच. सर मनापासून हसले. पैसे मात्र घेतले.

तर बरणी. हॉलमध्ये वळताना डावीकडची खाली गेली, काठ तेवढा बोटांत राहिला. म्हणजे पकड सुटली नाही, हे नोंदवून ठेवते. सासूबाईंनी तो काठ हातात घेऊन निरखला. "तीस वर्षं लोणचं सांभाळलं हो हिनं," एवढंच म्हणाल्या, आणि दुसरी बरणी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

सध्या नर्सरीतल्या मातीच्या कुंड्या वापरतेय. काठ बरा आहे, स्वस्तही पडल्या, पण तळाच्या भोकातून वाळू गळते. चिकटपट्टी दोन दिवसांत सुटली. कुणी दुसरं काही वापरलं असेल तर सांगा. काचेचं नको.