फॅमिलीसर्च : आठ महिने आणि सासूबाईंचे आजोबा

माझं सासर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं. सासूबाईंचे आजोबा जर्मनीहून आले आणि एलिस आयलंडवरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणारं ठाणं) कारकुनाने त्यांचं आडनाव छाटलं, ही घरातली ठरलेली गोष्ट. आधी एका पैसे भरायच्या साइटवर तीन महिने शोधलं. तिथे जुन्या कागदांवरून नावांची यादी करणाऱ्याने आडनावाचं पहिलं अक्षरच चुकीचं वाचलेलं, त्यामुळे आजोबा सापडेनात. पुढच्या महिन्याची वर्गणी मात्र न विचारता कापली गेली.

मग फॅमिलीसर्च, पूर्वज शोधायची साइट. मॉर्मन चर्च चालवतं, फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. इथे मी आडनाव टाकणंच सोडलं. पहिलं नाव, काउंटी (म्हणजे जिल्हा), जन्मवर्षाच्या आगेमागे २ वर्षं, बस्स. १९०० च्या जनगणनेत आजोबा हजर!

यादी वाचून थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. त्या वर्षीचा तक्ता भलताच चौकस आहे: जन्माचा महिना, लग्नाला किती वर्षं झाली, अमेरिकेत कधी आलात. आजोबांपुढे १८८३ लिहिलंय. एलिस आयलंडचं ठाणं उघडलं १८९२ साली! शिवाय तिथले अधिकारी जहाजावरच्या यादीशी नावं पडताळत, नवी नावं देत बसत नसत. जेवताना हे सांगितलं, तर सासऱ्यांनी आणखी बटाटे वाढून घेतले आणि हवामानाचा विषय काढला.

आजीच्या ओळीत दोन आकडे होते. मुलं झाली ८, हयात ५. सासूबाईंना पाचच ठाऊक. उरलेली तीन कोण? १८९० ची जनगणना असती तर कळलं असतं, पण तिचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत खराब झाले आणि पुढे नष्टच केले गेले. सुदैवाने नेब्रास्काने १८८५ मध्ये एक जादा जनगणना केली होती. त्यात या दोघांच्या खाली वर्षाची एक मुलगी आहे. १९०० मध्ये ती नाही. सासूबाईंनी ते नाव दोनदा मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

खटकणारंही सांगते. इथला वंशवृक्ष सगळ्यांचा सामाईक, कोणीही बदल करू शकतं. खाली पुरावा जोडलेला नसेल तर मी ती ओळ धरतच नाही. काही चित्रं घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. आणि सगळं एकाच ठिकाणी मिळेल असं समजू नका. आजोबांना होमस्टेड कायद्याने (राहून जमीन कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) मिळालेल्या १६० एकरांची सनद मला ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या साइटवर फुकट दिसली. सातबारा काढायला तलाठ्याकडे खेपा घातलेल्या माझ्या बाबांना ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्यांचा पहिला प्रश्न, ‘विहीर आहे का?’

उरलेल्या दोन मुलांसाठी गावच्या लुथरन चर्चला पत्र घातलं होतं. बाप्तिस्म्याच्या वहीचे फोटो आलेत, पण जुन्या जर्मन वळणदार अक्षरांत, म्हणजे त्यांची मोडीच. एक-एक अक्षर लावत चौथ्या पानावर आहे.