कोथिंबीर की पुदिना? खिडकीत एकच कुंडी मावते तेव्हा

नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या भाचीचा फोन: "मावशी, ग्रिलमध्ये एकच कुंडी बसते. काय लावू?"

खर्चाचं सोडूनच दे. धणे डब्यातले, पुदिना भाजीवाल्याच्या जुडीतला.

मेहनत मात्र सारखी नाही. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि थेट कुंडीतच पेरायचे. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं कोथिंबिरीला सोसत नाही. उगवायला 8-10 दिवस, खुडायला साधारण 40. पुदिन्याची जाड काडी घ्यायची, खालची पानं काढून ती पाण्याच्या ग्लासात ठेवायची. आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. मग मातीत.

कोथिंबिरीला रोज 4-5 तास ऊन हवं. पुदिना अर्ध्या सावलीतही भागवतो, फक्त माती सुकू द्यायची नाही.

टिकण्यात तर तुलनाच नको. एप्रिलमध्ये पेरलेली माझी कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर आली. पुदिना कापला की पुन्हा फुटतो, आगाऊपणे शेजारच्या कुंडीतही शिरतो.

पहिलीच कुंडी आणि ऊन बेताचं, तर पुदिना. पोह्यांवर रोज कोथिंबीर लागते नि खिडकीत ऊन येतं, तर दिवाळीनंतर दर पंधरवड्याला मूठभर धणे.